घडविणारे आणि सांभाळणारे

दर काही वर्षांनी महाविद्यालयांना मूल्यांकनासाठी जो अहवाल सादर करावा लागतो, त्यात माजी विद्यार्थ्यांच्या कामगिरीचा एक भाग असतो. कोण परदेशी गेला, कोण सरकारी अधिकारी झाला, कोण कोणत्या कंपनीत कोणत्या हुद्द्यावर पोचला, अशी ती यादी असते. आमच्या महाविद्यालयात ती तयार करण्याचे काम गेल्या दोन खेपा प्रस्तुत लेखकाकडे आले आहे. यंदा ती अद्ययावत करावयास घेतली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी खोलीत आले, दार लोटून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, या वेळी आमच्या चिरंजीवांचे नाव तेवढे यादीतून काढून टाका."

मागच्या यादीत हे नाव 'सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे' म्हणून आले होते. मुलगा आमच्याच कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी झालेला. पुढे अभियांत्रिकीची पदवी आणि मग बारा वर्षे पुण्यात संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याची नोकरी. गेल्या वर्षी त्याने ती सोडली आणि एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणक विभागात, ज्याला आयटी सपोर्ट म्हणतात त्या कामावर तो रुजू झाला. पगार जवळजवळ एक-तृतीयांशाने उतरला. त्याला कोणी काढले नव्हते. त्याने स्वतः विचार करून हा निर्णय घेतला, आणि नेमके हेच वडिलांना अधिक लागले होते. "काढले असते तर चार लोकांत सांगता तरी आले असते," ते म्हणाले. नातेवाइकांनी चौकशी केली की 'आयटीत आहे' एवढेच सांगून ते विषय बदलतात.

येथे एक कबुली दिली पाहिजे. ही हकिगत ऐकल्यावर अर्थशास्त्र शिकविणाऱ्या या लेखकाच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो 'पगार किती कमी झाला?' असा. काम कोणते, ते तो कसे करतो, त्याला त्यात समाधान आहे काय, हे प्रश्न नंतर सुचले. मराठी मध्यमवर्गाच्या मनात नोकऱ्यांची जी उतरंड पक्की बसली आहे, तिच्यातून शिकलासवरलेला माणूसही सुटत नाही, याचा हा घरचाच पुरावा.

एका घराचा प्रश्न असता तर तो वर्तमानपत्रात मांडण्याचे कारण नव्हते. परंतु आज्ञावली लिहिण्याचे काम सोडून संगणक प्रणाली चालत्या ठेवण्याच्या कामाकडे वळणारी, किंवा वळावे काय याचा विचार करणारी तरुण माणसे आता आपल्या सर्वांच्याच ओळखीत आढळू लागली आहेत. कोणी नोकरकपातीमुळे वळतो, कोणी थकव्यामुळे, कोणी बाळंतपणानंतर खंड पडल्यामुळे, तर कोणी केवळ आवडीमुळे. या सर्वांना समाज एकच शब्द वापरतो: 'खाली आला.' हा शब्द कितपत खरा आहे, हे तपासणे आवश्यक झाले आहे.

हे काम आहे तरी काय?

आयटी सपोर्ट म्हटले की प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणारा किंवा विसरलेला पासवर्ड बदलून देणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. ते कामही त्यात आहेच. तथापि या क्षेत्रात साधारणतः तीन थर मानले जातात. पहिल्या थरावर तक्रार नोंदवून घेतात. या नोंदीला 'तिकीट' म्हणतात; तिला क्रमांक मिळतो, तिची निकड ठरते आणि किती वेळात उत्तर द्यावयाचे व किती वेळात निवारण करावयाचे, याचे बंधन करारातच घातलेले असते. तेथे जे सुटत नाही ते दुसऱ्या थरावर जाते. यंत्रे आपल्या प्रत्येक हालचालीची नोंद स्वतःच लिहून ठेवीत असतात. त्या हजारो ओळी वाचून बिघाड संगणकात आहे, जाळ्यात आहे की आज्ञावलीत आहे, हे तेथे शोधून काढावे लागते. तिसऱ्या थरावर प्रत्यक्ष आज्ञावली उघडून दोष दूर करावा लागतो. म्हणजे सर्वांत वरच्या थरावर सपोर्ट आणि सॉफ्टवेअर यांच्यामधील भिंत जवळजवळ नाहीशी झालेली असते.

सहकाऱ्यांच्या मुलाशी मी मुद्दाम बोललो. त्याने सांगितलेला एक प्रसंग या कामाचे स्वरूप पुरेसे स्पष्ट करील. रात्री दोनच्या सुमारास अपघात विभागातून दूरध्वनी आला की प्रयोगशाळेने रक्ताचा अहवाल पाठविल्याचे सांगितले, पण पडद्यावर तो दिसत नाही. यंत्र चालू होते, जाळे चालू होते, प्रणालीही चालू होती. शेवटी नोंदी चाळताना आढळले की एका रुग्णाच्या नोंदणी क्रमांकाआधी टंकताना एक कोरी जागा पडली होती. त्यामुळे मुख्य प्रणालीला तो रुग्ण ओळखता येत नव्हता आणि ती अहवाल निमूटपणे बाजूला टाकीत होती. दोष सापडावयास चाळीस मिनिटे लागली, दूर करावयास एक मिनिट. स्वतः बारा वर्षे आज्ञावली लिहिल्या नसत्या तर कोऱ्या जागेचा संशय आपल्याला आला नसता, असे तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी हा दोष पुन्हा उद्भवू नये अशी तजवीज त्याने करून घेतली.

आणि आधीची नोकरी का सोडली? त्याचे उत्तर साधे होते. शेवटची तीन वर्षे तो एका परदेशी ग्राहकासाठी एका मोठ्या प्रणालीचा एक लहान तुकडा लिहीत होता. तो तुकडा कोण वापरतो, त्याचा कोणाला काय उपयोग होतो, हे त्याला तीन वर्षांत एकदाही कळले नाही. अखेर ती योजनाच ग्राहकाने गुंडाळली. आता ज्यांच्यासाठी काम करतो ती माणसे त्याला जिन्यावर भेटतात. अर्थात त्याने दुसरी बाजूही लपविली नाही. दर तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी असते, प्रणाली अडली की डॉक्टर मंडळी ओरडतात ती यालाच, आणि सदनिकेच्या कर्जाची मुदत वाढवून घ्यावी लागली आहे.

उद्योगाचा पाया

ज्या सॉफ्टवेअर उद्योगाच्या नावाने आपण सपोर्टला कमी लेखतो, त्या उद्योगाचा भारतातील पाया कशावर उभा राहिला, हे आजच्या पिढीला फारसे सांगितले जात नाही. परकीय चलन नियमन कायद्यानुसार भांडवलातील आपला वाटा कमी करण्यास नकार देऊन आयबीएम ही अमेरिकन कंपनी १९७८ मध्ये भारतातून निघून गेली, तेव्हा देशभरातील तिच्या संगणकांची देखभाल कोणी करावयाची असा प्रश्न उभा राहिला. ती जबाबदारी उचलली एका सरकारी कंपनीने. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे नावच 'कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन' असे होते. पुढे ती सीएमसी या आद्याक्षरांनी ओळखली जाऊ लागली. दुसऱ्यांनी बनविलेली यंत्रे दुरुस्त करीत करीत तिच्या अभियंत्यांनी जे ज्ञान कमावले, त्यातूनच ती पुढे प्रणाली उभारण्याकडे वळली. १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीत सुरू झालेली आणि मग देशभर पसरलेली रेल्वेची संगणकीय आरक्षण व्यवस्था ही सीएमसीचीच कामगिरी. खिडकीपुढे रात्र काढून तिकीट मिळविणाऱ्या पिढीला या कामाचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण शतकाच्या संधिकाळाचे. संगणकाची स्मृती महाग होती त्या काळात वर्षाचे चार अंक न लिहिता शेवटचे दोनच लिहिण्याची प्रथा पडली. २००० साल उजाडताच ही यंत्रे ते १९०० समजतील, या भीतीने पाश्चात्त्य बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या जुन्या आज्ञावली ओळ न् ओळ तपासून दुरुस्त करणे भाग पडले. हे कंटाळवाणे काम करण्यास भारतीय कंपन्या पुढे आल्या, आणि त्या ओळखीवर त्यांनी नंतरची मोठी कामे मिळविली. म्हणजे ज्या व्यवसायाने मराठी मध्यमवर्गाला पुण्यात सदनिका व अमेरिकेत घरे दिली, त्याची जगाला ओळख झाली ती डागडुजीतून. पुढे वैभव आल्यावर वंशजांनी मूळ पुरुषाचा धंदा सांगताना संकोचावे, तसे काहीसे या क्षेत्रात झाले आहे.

न दिसणारे उत्पादन

सांभाळण्याच्या कामाला मोल कमी का मिळते? अर्थशास्त्राच्या इतिहासात याचे धागे दूरवर जातात. ॲडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात श्रमाचे उत्पादक आणि अनुत्पादक असे दोन भाग केले. ज्या श्रमातून टिकाऊ, विकता येण्याजोगी वस्तू मागे उरते तो उत्पादक. जो करताक्षणीच विरून जातो तो अनुत्पादक. घरगुती नोकरापासून वकील, वैद्य आणि राजापर्यंत सर्वांना त्याने दुसऱ्या वर्गात घातले. नंतरच्या अर्थशास्त्रज्ञांनी ही विभागणी टाकून दिली; पण व्यवहाराने ती टाकलेली नाही. सरकारी अंदाजपत्रक पाहा. नवा पूल हा भांडवली खर्च. त्याच्या कोनशिलेवर नाव कोरता येते. त्याच पुलाची नेहमीची दुरुस्ती हा महसुली खर्च. आणि काटकसरीची वेळ आली की कात्री प्रथम तिच्यावरच चालते.

आपल्याकडील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे उदाहरण याबाबत बोलके आहे. या बंधाऱ्यांत पावसाळ्यात पुराला वाट मोकळी ठेवतात आणि पावसाळा संपता संपता खांबांमधील खाचांत बर्गे बसवून पाणी अडवितात. बर्गे वेळेवर बसविले नाहीत, किंवा ते गंजून गळू लागले, तर लाखो रुपयांचा बंधारा उभा असूनही पाणी वाहून जाते आणि मार्गात बंधाऱ्याचे खांब तेवढे उरतात. बंधारा बांधणाऱ्या अभियंत्याचे नाव दप्तरात राहते; बर्गे बसविणाऱ्याचे कोणी विचारीत नाही. पण शेतकऱ्याच्या विहिरीला जे पाणी येते ते दोघांमुळे मिळून.

आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विकासविषयक ग्रंथात या प्रश्नाचा मार्मिक विचार केला आहे. विकसनशील देशांत रस्ते वाईट असतात, पण त्याच देशांत विमाने मात्र बरी सांभाळली जातात, असे का? त्याचे उत्तर असे की रस्ता हळूहळू खराब होतो आणि तरीही वापरता येतो. विमानाची देखभाल चुकली तर परिणाम तत्काळ आणि भयंकर होतो. ज्या क्षेत्रात हेळसांडीची शिक्षा लगेच मिळते, तेथेच देखभाल नीट होते. संगणक प्रणाली या दोहोंच्या मध्ये कोठे तरी बसतात. त्या रस्त्यासारख्या हळूहळू झिजतात आणि एके दिवशी विमानासारख्या कोसळतात.

असा एक दिवस साऱ्या जगाने १९ जुलै २०२४ रोजी पाहिला. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष सुधारणेमुळे विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून बंद पडली. विमाने अडकली, रुग्णालयांतील कामे खोळंबली. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपास देण्यात आले. चूक कोणती हे काही तासांत कळले आणि दुरुस्त सुधारणाही तयार झाली. पण यंत्र सुरूच होत नसल्यामुळे ती दुरून पोचविता येईना. लक्षावधी यंत्रांपाशी कोणी तरी प्रत्यक्ष जावे, यंत्र सुरक्षित अवस्थेत सुरू करावे, सदोष फाइल काढून टाकावी, आणि पुढच्या यंत्राकडे जावे, हाच उपाय उरला. तो उपाय ज्यांनी दिवसरात्र खपून केला, ते सपोर्ट विभागातील लोक होते. कोणत्याही देशाने त्यांच्या नावाची यादी प्रसिद्ध केलेली नाही.

अडचणीचे मूळ येथेच आहे. घडविण्याचे काम दिसते. सांभाळण्याचे काम नीट झाले तर दिसतच नाही. जो बिघाड झाला नाही त्याची नोंद कोणत्या वहीत होणार? व्यवस्थापन मग जे मोजता येते ते मोजू लागते: महिन्यात किती तिकिटे मिटविली. या मापाने, एकच दोष वीस वेळा तात्पुरता मिटविणारा कर्मचारी हुशार ठरतो, आणि तो मुळातून काढून वीस तिकिटे होऊच न देणारा निष्क्रिय दिसतो. चुकीचे माप लावले की मोल चुकीचेच येणार.

आपला जुना गावगाडा या एका बाबतीत अधिक व्यवहारी होता. सुतार-लोहारांना नांगर दुरुस्त केल्याच्या हिशेबाने पैसे मिळत नसत. औत वर्षभर चालते ठेवण्याबद्दल सुगीत धान्याचे बलुते मिळे. आजच्या भाषेत तो देखभालीचा वार्षिक करार होता. पण त्याच गावगाड्याने सांभाळणाऱ्याला पंगतीत खाली बसविले, हेही विसरता येत नाही. कामांची वाटणी करता करता माणसांचीच श्रेणी लावणारी ही व्यवस्था किती विनाशक आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये निर्भीडपणे दाखवून दिले. वातानुकूलित कार्यालयात बसून 'तो काय, सपोर्टला आहे' असे म्हणणाऱ्याला आपल्या स्वरात किती जुना सूर मिसळला आहे, याची कल्पना नसते.

उडी घेण्यापूर्वी

एवढे म्हटल्यावर, तरुणांनी डोळे झाकून या कामाकडे वळावे असा सल्ला मात्र देता येणार नाही. काम प्रतिष्ठेचे आहे म्हणून त्याच्या अटी न्याय्य असतात असे नाही. किंबहुना वडिलांच्या चिंतेत जो खरा भाग आहे तो मान्य केला पाहिजे.

पहिली गोष्ट पगाराची. तो उतरण्याचा संभव बराच असतो, आणि घरभाडे, हप्ते, मुलांच्या शाळेचे शुल्क यांना मनःशांतीचा अर्थ कळत नाही. दुसरी गोष्ट नोकरीच्या स्वरूपाची. सपोर्टची पुष्कळ कामे मनुष्यबळ पुरविणाऱ्या मध्यस्थांमार्फत कंत्राटावर दिली जातात. काम एकाच्या जागेत, वेतनचिठ्ठी दुसऱ्याची आणि जबाबदारी कोणाचीच नाही, असा तो प्रकार असतो. तिसरी गोष्ट परतीच्या वाटेची. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला सिद्धान्त अर्थशास्त्राचे विद्यार्थी जाणतात: उमेदवाराची खरी कुवत मालकाला दिसत नाही, म्हणून तो बाह्य खुणांवरून ती ताडतो. दोन वर्षे सपोर्टमध्ये काढलेल्या माणसाच्या अर्जावर ही खूण 'याला आज्ञावली लिहिणे जमले नसावे' अशी वाचली जाते. वाचणारा चुकत असेल, पण निवड त्याच्या हाती असते.

यास्तव निर्णयापूर्वी काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. नोकरी थेट संस्थेची आहे की मध्यस्थाची? काम कोणत्या थरावरचे आहे, आणि वरच्या थरावर जाण्याची वाट लेखी आहे की केवळ तोंडी? रात्री-अपरात्री बोलावणे येईल तेव्हा त्याचा मोबदला अथवा भरपाई रजा मिळते काय? आज्ञावली वाचण्याची व सुधारण्याची मुभा आहे काय, की हात लावावयाचा नाही असा दंडक आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे: आपण कशापासून पळत आहोत की कशाकडे जात आहोत? पहिल्या कारणाने गेलेला माणूस सहसा तेथूनही पळतो.

उलटपक्षी, घडविण्याची नोकरी सुरक्षित आहे या समजुतीत आता फारसा अर्थ उरलेला नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात मेटाने ११ हजार आणि २०२३ च्या जानेवारीत गूगलने १२ हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये आपल्या देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने, टीसीएसने, सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचा मनोदय जाहीर केला; त्यांत मधल्या व वरच्या पातळीवरील लोक प्रामुख्याने होते. यंत्रे आता आज्ञावलीचा बराच भाग स्वतः लिहू लागली आहेत. पासवर्ड बदलून देण्याचे कामही ती करू लागली आहेत, हे खरे. दोन्हीकडे जे साचेबंद आहे ते जाणार. यंत्राने लिहिलेले मध्यरात्री का अडले, हे शोधून घाबरलेल्या माणसाला समजेल अशा शब्दांत सांगण्याचे काम मात्र इतक्यात जाण्याची चिन्हे नाहीत.

उतरंड कोणी बदलावयाची?

ही उतरंड निसर्गाने घातलेली नाही, याचा एक पुरावा उद्योगातच आहे. २००३ मध्ये गूगलने आपल्या प्रणाली चालत्या ठेवण्याचे काम सॉफ्टवेअर इंजिनिअरांकडेच सोपविले, त्या कामाला 'साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग' असे भारदस्त नाव दिले, आणि दैनंदिन तक्रारनिवारणात त्यांचा निम्म्याहून अधिक वेळ जाऊ नये, उरलेल्या वेळात त्यांनी बिघाडाची मुळे खणून काढणाऱ्या आज्ञावली लिहाव्यात, असा दंडक घातला. आज त्या पदासाठी उत्तम अभियंते चुरस करतात. प्रणाली चालती ठेवण्याचेच काम, पण मालकाने त्याचे मोल निराळे ठरविले, म्हणून जगाने निराळे मानले.

आपल्याकडील मालकांकडून अपेक्षा याहून साध्या आहेत. मिटविलेल्या तिकिटांऐवजी टळलेल्या बिघाडांकडे पाहावे. रात्रीच्या बोलावण्याचा मोबदला द्यावा. घडविणाऱ्यांना काही महिने सपोर्टमध्ये आणि सपोर्टच्या माणसांना काही महिने घडविण्याच्या कामात ठेवावे, म्हणजे परतीची वाट आपोआप मोकळी राहील आणि आज्ञावलीही अधिक चांगल्या होतील. आपण लिहिलेल्या चुकीमुळे रात्री दोनला स्वतःच उठावे लागले की माणूस काळजीपूर्वक लिहू लागतो.

सरकारनेही यातून धडा घ्यावा. शालार्थ प्रणाली अडली की पगारबिलाच्या तारखा कशा सरकतात, हे शाळेच्या लिपिकाला विचारावे. २०२५ मध्ये अकरावीचे ऑनलाइन प्रवेश प्रथमच साऱ्या राज्याला लागू झाले, तेव्हा नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी पुढे ढकलावी लागली. प्रणाली उभारण्यासाठी निविदा निघतात, उद्घाटने होतात. पण ती चालती ठेवणाऱ्या माणसांची संख्या, पगार आणि अधिकार यांची चर्चा कोणी करीत नाही. ज्या राज्यात 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य प्रत्येक खिडकीवर ऐकू येते, तेथे सपोर्टच्या कामाला दुय्यम लेखणे परवडणारे नाही.

आणि आपण, शिकविणारे व शिकणारे? आमच्या संस्थांच्या फलकांवर कोणाला किती लाखांचे वार्षिक वेतन मिळाले, हे मोठ्या अक्षरांत लिहिले जाते. ते वाचत वाढलेल्या मुलाने कामाची किंमत आकड्यावरून ठरविली तर दोष त्याला कसा द्यावा? अभ्यासक्रमातही नवे लिहावयास शिकवितात. दुसऱ्याने दहा वर्षांपूर्वी लिहिलेले वाचावयास, समजून घ्यावयास आणि न मोडता सुधारावयास कोणी शिकवीत नाही. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून तेच करावे लागते.

सहकाऱ्यांनी काढावयास सांगितलेल्या नावाचे पुढे काय झाले, हे सांगून हा लेख संपवितो. जुनी यादी पुन्हा पाहिली. त्यात एकूण ४२ नावे होती: अधिकारी, अभियंते, वकील, उद्योजक, दोन परदेशस्थ प्राध्यापक. महावितरणचा वायरमन, रुग्णालयातला तंत्रज्ञ, पाणीपुरवठा योजनेवरचा यांत्रिक, असा चालते ते चालते ठेवणारा एकही माजी विद्यार्थी त्यात नव्हता. आमच्या महाविद्यालयातून असे कोणी बाहेर पडलेच नाही, असे थोडेच आहे? मला ते आठवले नव्हते, एवढेच. ती यादी मीच केली होती.

नाव मी काढलेले नाही. मुलाला दूरध्वनी करून विचारले. नव्या हुद्द्यासह ठेवावे, असे तो म्हणाला. वडील अजून माझ्याशी थोडे तुटकच बोलतात. यंदाच्या यादीत मात्र हुद्दा पुरा लिहिला आहे, आणि त्याच्या जोडीला अशी आणखी नावे शोधण्याचे काम चालू आहे.